टाक्याखालचा आधार

जळगावाकडून निघालेली रेल्वेगाडी अमळनेर, नंदुरबार, नवापूर मागे टाकीत तापीच्या खोऱ्यातून पश्चिमेस उतरते आणि मुंबई-अहमदाबादच्या मोठ्या मार्गाला जेथे येऊन मिळते, ते स्थानक म्हणजे उधना. खानदेशातील असंख्य कुटुंबे याच वाटेने पोटासाठी सुरतेस आली व येथेच स्थायिक झाली. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या वस्त्यांतून हिंडताना आपण गुजरातेत आहोत याचा क्षणभर विसर पडावा, इतकी मराठी आणि अहिराणी कानांवर पडते. पालिकेच्या मराठी शाळाही आहेत. घरचा कर्ता पुरुष मागावर, रंगाईच्या गिरणीत अथवा भरतकामाच्या यंत्रावर असतो आणि दुपारच्या वेळी त्याची पत्नी दारात बसून भरून आलेल्या साड्यांच्या पाठीवरचे लोंबते दोरे कात्रीने कापीत असते. 'धागा कटिंग' असे या कामाचे तेथील नाव. साडीमागे मिळणारी मजुरी थोडी. पण घर न सोडता, लेकरांवर डोळा ठेवून ती मिळवता येते, हे तिचे मोल.

हे दोरे कापणाऱ्या भगिनींना एक गोष्ट कोणत्याही पुस्तकाशिवाय कळते. कोणत्या साडीचे काम चांगले उतरले आणि कोणत्या साडीचे बिघडले, हे त्या पाठ पाहूनच सांगतात. समोरून नक्षी झगमगत असते. पण फुलाभोवती कापड गोळा झालेले असेल, पाकळीची बाह्यरेषा पाकळीपासून सरकून भलतीकडे गेली असेल, तर व्यापारी तो माल परत पाठवतो आणि त्याची तूट शेवटी कोणाच्या तरी मजुरीतून जाते. अशा वेळी दोष बहुधा यंत्राला देतात, नाही तर दोऱ्याला. खरा दोष पुष्कळदा त्या दोहोंचाही नसतो. तो असतो कापडाखाली काय घातले होते, किंवा काय घातलेच नव्हते, यात.

हल्ली गावोगावी शिवणयंत्र असलेल्या घरांतून भरतकामाचे छोटे यंत्र घेण्याचा विचार बोलला जातो. कोणी बचतगटाचे कर्ज काढते, कोणी मुलीच्या लग्नाआधी तिच्या हाताला धंदा असावा म्हणून पैसे बाजूला टाकते. यंत्र विकणारा नक्षी दाखवतो, वेग दाखवतो, दोऱ्यांचे रंग दाखवतो. पण कापडाखालच्या त्या पांढऱ्या तुकड्याविषयी दोन शब्दांपलीकडे बोलत नाही. आणि गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेला लग्नातील ब्लाउजचा तुकडा एकदा बिघडला, की तो दुरुस्त होत नाही. साटनवरचा टाका उसवला तरी सुईची भोके राहतातच. म्हणून हा विषय थोड्या विस्ताराने मांडण्याचे योजिले आहे.

सुरतेच्या कारखान्यांत या आधाराला 'पेपर' म्हणतात. इस्त्रीने चिकटणारा असेल तर 'फ्यूजिंग'. शिंपी मंडळी 'बकरम' हा शब्द वापरतात, मात्र कॉलरमध्ये घालावयाचे कडक बकरम निराळे, हे ध्यानात असावे. बाहेरदेशी त्याला 'स्टॅबिलायझर' म्हणतात, म्हणजे स्थिर ठेवणारा. आपण त्याला आधारच म्हणू.

आधार लागतो कशाला? हाताने भरताना सुई सावकाश जाते, आणि बोटे प्रत्येक टाक्याची ओढ जोखीत असतात. यंत्राला बोटे नाहीत. मिनिटाला 800 टाके घालणारे यंत्र बारा हजार टाक्यांचे एक फूल पंधरा मिनिटांत पुरे करते. त्या पंधरा मिनिटांत कापडाला बारा हजार वेळा भोक पडते आणि बारा हजार वेळा वरचा दोरा व बॉबिनचा दोरा मिळून ते आत ओढतात. टाके ज्या दिशेने जातात त्या दिशेने कापड आखडते, आणि त्याच्या आडव्या दिशेने टाके एकमेकांस ढकलीत बाहेर सरकतात. संगणकाच्या पडद्यावर जे वर्तुळ अगदी गोल होते, ते कापडावर अंडाकृती उतरते ते यामुळेच. नक्षी तयार करणारा, ज्याला या धंद्यात 'पंचिंग करणारा' म्हणतात, तो ही ओढ हिशेबात धरून टाके थोडे लांब ठेवतो. पण त्याचा हिशेब कापड जागचे हलणार नाही या भरवशावर असतो. तो भरवसा देणे हे आधाराचे काम.

ही अडचण काही यंत्राने आणलेली नव्हे. जरदोजीचे कारागीर पूर्वीपासून कापड लाकडी अड्ड्यावर चारी बाजूंनी दोऱ्यांनी आवळून मगच सुई हाती घेतात. युरोपात फ्रान्समधील म्युलूझ गावच्या जोशुआ हाइलमान याने 1828 च्या सुमारास अनेक सुयांचे भरतकामाचे यंत्र बनविले. त्यातही कापड उभ्या चौकटीत ताणलेले असे. पुढे 1863 साली स्वित्झर्लंडमध्ये इझाक ग्रोब्ली याने लहानशा होडीच्या आकाराचा धोटा योजून नवे यंत्र सिद्ध केले. तेथील बोलीत होडुकल्याला 'शिफ्ली' म्हणतात, म्हणून ते शिफ्ली यंत्र. जपानच्या ताजिमा कंपनीने 1964 साली अनेक डोक्यांचे यंत्र बाजारात आणले, आणि आज उधन्याच्या गाळ्यांतून जी लांबच लांब यंत्रे खडखडत असतात ती त्याच वंशातील. त्यांत साडीचे कापड लांब चौकटीवर चापांनी पकडलेले असते. चौकटीचा ताण चांगला असेल आणि नक्षी विरळ असेल, तर पेपरवाचून भागते. बुट्टा दाट झाला की पेपर घालावाच लागतो. घरच्या यंत्राला ती मोठी चौकट नसते, फक्त प्लॅस्टिकची लहान रिंग असते. म्हणून कारखान्यात बिनपेपरचे काम पाहून आलेल्या माणसाने घरी तसेच करू जाणे फसते.

आधाराचे मुख्य प्रकार तीन धरावेत. पहिला कापून काढण्याचा. हा न विणलेल्या तंतूंचा, मऊ पण चिवट असतो, हाताने फाटत नाही. काम झाल्यावर नक्षीभोवतीचा भाग कात्रीने कापतात आणि नक्षीखालचा भाग कायमचा तेथेच राहतो. दुसरा फाडून काढण्याचा. तो कागदासारखा असून टाक्यांच्या कडेने सहज फाटतो. तिसरा पाण्यात विरघळणारा. तो पॉलिव्हिनाइल अल्कोहोल नावाच्या द्रव्याचा करतात. कधी पारदर्शक पापुद्र्यासारखा, कधी पातळ पांढऱ्या कापडासारखा असतो. उष्णतेने भुगा होणारा चौथाही एक प्रकार आहे. पण घरच्या कामात त्याची गरज क्वचितच पडते, तेव्हा तो सोडून देऊ.

तिसऱ्या प्रकाराची कल्पना नवी वाटते, पण तिचे मूळ जुने आहे. स्वित्झर्लंडच्या सेंट गॅलन भागात 1880 च्या दशकात रेशमी कापडावर सुती दोऱ्याने भरून मग रसायनाने रेशीम जाळून टाकीत, आणि मागे उरे ती नुसती दोऱ्यांची जाळी. तीच 'केमिकल लेस'. आज रसायनाच्या जागी पाणी आले आहे इतकेच. ओढणीच्या कडेला लावलेली, खाली कापडच नसलेली जाड जाळीदार लेस पुष्कळांनी पाहिली असेल. तिच्या जन्मकाळी तिच्याखाली कापड होते व ते विरघळून गेले, हे ऐकून नवल वाटते खरे.

आता निवड कशी करावी? वजनावरून वा किंमतीवरून नव्हे, तर कापडावरून. कापडाचा तुकडा दोन्ही हातांत धरून आधी उभा, मग आडवा, मग तिरका ओढून पाहावा. ओढल्यावर जे कापड ताणले जाते, त्याला कापून काढण्याचाच आधार लागतो. होजिअरीचे गंजिफ्रॉक, टी-शर्ट, स्वेटर ही कापडे जन्मभर ताणली जाणार. त्यांच्याखालचा आधार फाडून टाकला तर पहिल्याच धुण्यात फूल आकसते. जे कापड ताणले जात नाही, घट्ट विणीचे असते, उदाहरणार्थ पॉपलीन, कॅम्ब्रिक, जाड खादी, चादरीचे कापड, त्याला फाडून काढण्याचा आधार पुरतो. ज्या कापडातून आरपार दिसते किंवा ज्याची पाठही लोकांच्या दृष्टीस पडते, तेथे पाण्यात विरघळणारा घ्यावा.

यानंतर नक्षीकडे पाहावे. नुसत्या रेषांच्या नक्षीला पातळ आधार चालतो. टाक्यांनी भरगच्च भरलेल्या नक्षीला जाड. बाजारात वजन कधी औंसांत सांगतात, कधी चौरस मीटरला ग्रॅममध्ये. दीड औंस म्हणजे सुमारे 50 ग्रॅम आणि अडीच औंस म्हणजे सुमारे 85 ग्रॅम, इतके लक्षात ठेवले म्हणजे दुकानात गोंधळ होत नाही. एक जाड थर घ्यावा की दोन पातळ, असे विचाराल तर फाडावयाच्या प्रकारात दोन पातळ बरे. एकेक थर निराळा हलक्या हाताने फाडता येतो व टाक्यांना हिसका बसत नाही. आणि नक्षी जर कापडाच्या मानाने फारच दाट असेल, तर कितीही आधार घाला, काम पत्र्यासारखे ताठ होणार. तेथे आधार वाढविण्यापेक्षा नक्षीच विरळ करून घेणे शहाणपणाचे. नेहमीच्या 40 नंबरी दोऱ्याला दोन ओळींत 0.4 मिलिमीटर अंतर ठेवण्याची रूढी आहे. झिरझिरीत कापडावर ते थोडे वाढवावे.

सुरतेचे कापड म्हणजे प्रामुख्याने पॉलिएस्टर, आणि त्यात जॉर्जेट व शिफॉन हेच घरी काम करणाऱ्याला सर्वांत छळतात. ही कापडे सरकतात, तिरकी ओढली जातात, आणि त्यांवर फाडावयाचा पेपर वापरला तर फाडतानाच टाके वाकडे होतात. त्यांच्यासाठी जाळीसारखा मऊ, पातळ, कापून काढण्याचा आधार घ्यावा, अथवा विरघळणारा. नेटला तर विरघळणाऱ्याखेरीज दुसरा उपाय नाही. त्यातही पापुद्र्यासारख्यापेक्षा कापडासारखा दिसणारा बळकट पडतो. पारदर्शक पापुद्र्याचे खरे स्थान खाली नसून वर आहे. टॉवेल, मखमल, लोकर यांच्या लवेत टाके बुडून जातात. वरून पापुद्रा घातला म्हणजे ते उचललेले राहतात. एकाच टॉवेलावर अर्धे नाव पापुद्रा घालून व अर्धे न घालता भरून पाहावे; मग कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. 'सिल्क' हा शब्द सुरतेत फार उदार मनाने वापरतात. ज्याला अमुक सिल्क, तमुक सिल्क म्हणून विकतात त्यातील बहुतेक पॉलिएस्टरच असते. त्यात वाईट काही नाही, कापड टिकाऊ असते. पण त्यावर इस्त्री किती गरम ठेवावी आणि पाणी चालेल की नाही, हे ठरविण्यासाठी खरे काय ते कळले पाहिजे. कडेचा एक दोरा काढून चिमट्यात धरून पेटवावा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो व मऊ राख उरते. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. हे मोठ्या माणसाने, पाण्याचे भांडे जवळ ठेवून करावे. वितळलेला मणी बोटाला चिकटून भाजतो.

कापडाची तयारी येथूनच सुरू होते. सुती कापड प्रथम धुऊन, वाळवून घ्यावे, यात हयगय नको. नवे सुती कापड धुतल्यावर आटते, पण भरतकामाचा पॉलिएस्टर दोरा आटत नाही. मग पहिल्या धुण्यानंतर फुलाभोवती चुण्या पडतात आणि गिऱ्हाईक म्हणते की काम कच्चे. धुताना कापड मऊ करणारी औषधे घालू नयेत. गिरणीची खळ निघून गेल्यावर कापड लुळे पडते, म्हणून पातळ खळ देऊन ओलसर असतानाच उभ्या आडव्या धाग्याला धरून इस्त्री करावी. तांदळाच्या पेजेची खळ ही आपल्या आजीबाईंची युक्ती. यंत्राच्या युगातही ती उतरलेली नाही. पातळ मलमलीला नुसत्या चांगल्या खळीने निम्मा आधार मिळून जातो. शुद्ध रेशमाला मात्र खळही देऊ नये व पाण्याचा शिंतोडाही उडवू नये, डाग राहतो. त्यावर कोरडे सुती फडके ठेवून बेताची इस्त्री फिरवावी.

फ्यूजिंग चिकटवताना इस्त्री घासावयाची नसते, दाबावयाची असते. एका जागी काही क्षण दाबून उचलावी व पुढे ठेवावी. घासली की कापड तिरके ताणून चिकटते आणि ती तिरकी ओळ शेवटपर्यंत सुटत नाही. सुती कापडासाठी तापवलेली इस्त्री सुमारे 200 अंशांपर्यंत जाते. पॉलिएस्टर वितळते त्याहून बऱ्याच वर, सुमारे 250 अंशांपुढे. तरी चकाकणे आणि आकसणे फार आधी सुरू होते. नायलॉनची नेट त्याहूनही नाजूक. चिकटवल्यानंतर पूर्ण थंड होईपर्यंत तुकडा हलवू नये.

रिंग लावणे हा या सर्व कामातील सर्वांत अवघड भाग आहे, आणि तोच सर्वांत घाईने केला जातो. आधाराचा तुकडा रिंगपेक्षा चारी बाजूंनी इंच-दीड इंच मोठा असावा. रिंगएवढा तुकडा नक्षीखाली नुसता सारून देणे म्हणजे पायाविना भिंत उभारणे होय. आधार रिंगमध्ये ढोलाच्या कातड्यासारखा ताठ हवा. कापड मात्र सपाट हवे, ताणलेले नको. येथेच पुष्कळांचा घोटाळा होतो. रिंग आवळल्यावर कापडाच्या कडा धरून ते आणखी ओढतात, पाहावयास ते फार सुरेख दिसते. यंत्रावर नक्षीही छान उतरते. रिंग सोडली की ताणलेले कापड मूळ मापावर परत येते, टाके परत येत नाहीत, आणि सारे फूल चुण्यांच्या गराड्यात सापडते. म्हणून आवळण्यापूर्वी सारखे करावे, आवळल्यावर ओढू नये. आतल्या रिंगला सुती फीत गुंडाळली तर जॉर्जेट सरकत नाही.

मखमल रिंगमध्ये धरूच नये. तिच्यावर रिंगचा वण उठतो व तो जात नाही. रिंगमध्ये फक्त चिकट पृष्ठाचा आधार ताठ बसवावा व मखमल त्यावर अलगद ठेवून कडेने लांब कच्चे टाके घालावेत. तयार शिवलेल्या कपड्यांना, पिशव्यांना, बाळाच्या टोपड्यांनाही हीच रीत सोयीची.

सुईविषयी थोडक्यात. 40 नंबरी दोऱ्याला 75/11 ची सुई, झिरझिरीत कापडाला 65/9, जरीच्या दोऱ्याला मोठ्या नेढ्याची 90/14, आणि होजिअरीला गोल टोकाची, जी धागा तोडत नाही, बाजूला सारते. जरीला वेगही कमी ठेवावा. बोथट सुई कापड आत ढकलते व चुण्या पाडते. मग दोष विनाकारण आधारावर येतो. सुई ही यंत्रातील सर्वांत स्वस्त वस्तू आहे, तिच्या बाबतीत कंजूषपणा करण्यात अर्थ नाही.

वर्तमानपत्राचा कागद आधार म्हणून चालेल का, असे अनेकजणी विचारतात. शिकताना, जुन्या चिंधीवर, चालेल. गिऱ्हाइकाच्या कापडावर नाही. शाई उतरते, कागद मध्येच फाटतो, आणि टाक्यांत अडकलेले तुकडे चिमट्याने वेचीत बसावे लागते. त्यापेक्षा जुन्या धुवट धोतराचा घट्ट तुकडा खळ देऊन वापरलेला बरा. तो कापून काढण्याच्या आधाराची जागा बऱ्यापैकी घेतो.

आपल्या वाचकांपैकी काही घरांत वेदीवरील वस्त्रे भरण्याचे काम आहे, त्यांच्यासाठी एवढे सांगावे. ही वस्त्रे लिननची वा सुती असतात, वारंवार धुतली जातात, खळ देऊन कडक इस्त्री होते, आणि कोपऱ्यावरील क्रूस उलट बाजूनेही नीट दिसावा लागतो. तेव्हा कापड दोनदा धुऊन आटवून घ्यावे व विरघळणारा आधार वापरावा. चमकीसाठी व्हिस्कोजचा दोरा घेण्याचा मोह होतो. पण व्हिस्कोज ओले झाले की त्याचे बळ पुष्कळच कमी होते, आणि पांढरे करण्याच्या पावडरीने रंगही उडतो. तेथे पॉलिएस्टरचा किंवा चांगला सुती दोराच घ्यावा. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या झग्यावर, जो एकदाच घालावयाचा, व्हिस्कोज खुशाल वापरावा.

काहीही असले तरी खऱ्या कापडावर सुई टेकवण्यापूर्वी त्याच कापडाच्या कातरणीवर, तोच आधार, तोच दोरा, तीच सुई घेऊन नक्षीचा नमुना भरून पाहावा. कातरण नसेल तर गिऱ्हाइकाकडून आधीच मागून घ्यावी. "ताई, चार बोटे कापड जास्त द्या, नमुना काढायचा आहे" असे म्हणण्यात कमीपणा नाही, उलट काम जाणती आहे असा तिचा समज होतो. नमुना धुऊन, वाळवून मगच दर ठरवावा. सुरतेत दर हजार टाक्यांवर सांगण्याची रीत आहे. घरी काम करणारीने त्यात आधाराचा खर्च वेगळा लिहावा. नाही तर तो नकळत तिच्या मजुरीतून जातो, आणि पुढच्या खेपेस ती हलका पेपर घेऊ लागते.

आधार काढण्याची वेळ आली म्हणजे घाई करू नये. फाडताना एका हाताच्या अंगठ्याने टाके दाबून धरावेत व दुसऱ्या हाताने कागद टाक्यांकडे ओढावा, टाक्यांपासून दूर नव्हे. कापताना कात्रीचे बोथट टोक कापडाकडे ठेवून नक्षीभोवती पाव इंच आधार राहू द्यावा. अगदी कडेला कापला तर बाह्यरेषा उसवते. तान्ह्या मुलाच्या अंगड्याला आतून मऊ कापडाचा तुकडा चिकटवावा, म्हणजे टाक्यांची पाठ कातडीस टोचत नाही. विरघळणारा प्रथम कात्रीने जेवढा निघेल तेवढा काढून टाकावा आणि उरलेला भरपूर पाण्यात धुवावा. थोडक्या पाण्यात नुसता बुडवला तर त्याची खळ होऊन कापडात बसते. उरलेले तुकडे फेकू नयेत, लहान अक्षरांना उपयोगी पडतात. मात्र हा प्रकार हवेतील दमट शोषून घेतो. सुरतेच्या काय, वसईच्या काय, पावसाळ्यात तो उघडा राहिला तर चिकट होऊन त्याचा गोळा बनतो. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात तो ठेवावा, आणि डबा चुलीपासून व न्हाणीपासून दूर, वरच्या फळीवर.